एवढ्याशा धड्याला एवढे दिवस कशाला?

"सर, फोटोइलेक्ट्रिकला एवढे दिवस कशाला? सूत्र द्या आणि पुढं चला की." राजारामपुरीतल्या माझ्या क्लासच्या जिन्यात बारावीचे पालक दरवर्षी हेच विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

फोटोइलेक्ट्रिक म्हणजे उजेड पडला की धातूतून इलेक्ट्रॉन निघणं. त्याचं सूत्र पोरांना पहिल्याच तासाला येतं. 1240 ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीनं भागलं की फोटॉनची, म्हणजे उजेडाच्या एका कणाची, ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. त्यातून वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉनला धातूतून सुटायला लागणारी किमान ऊर्जा, वजा करायचं. सीईटीला एवढं पुरतं, मलाही कळतं. पण "फोटॉनची ऊर्जा कमी पडली आणि दिवा मोठा केला तर?" म्हटलं की तेच पोरगं म्हणतं, "मग निघेल की इलेक्ट्रॉन." गणित सुटतं, पण पटलेलं नसतं.

पूर्वी मी एका ज्युनिअर कॉलेजात होतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत इलेक्ट्रोस्कोपवर, म्हणजे चार्ज असला की ज्याचं पातळ पान उचललं जातं त्या उपकरणावर, चार्ज टिकत नाही, म्हणून हा प्रयोग जानेवारीसाठी राखून ठेवायचो. जुन्या सेलचं जस्ताचं कवच कापून सपाट केलं, पॉलिश पेपरनं घासून इलेक्ट्रोस्कोपवर ठेवलं. लोकरीवर घासलेल्या पीव्हीसी पाइपनं ऋण चार्ज दिला, पान उचललं गेलं. 200 वॅटचा बल्ब अगदी जवळ धरला. पान ढिम्म. मग पाण्याच्या फिल्टरमधली छोटी यूव्ही ट्यूब, कुणाच्या डोळ्यांवर उजेड जाणार नाही अशी खोक्यात बसवलेली, ती लावली आणि पान खाली आलं, म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेले. पुन्हा चार्ज देऊन मध्ये खिडकीची काच धरली. पान जिथल्या तिथं. ट्यूबचा 254 नॅनोमीटरचा फोटॉन 4.9 इलेक्ट्रॉन व्होल्टचा, जस्ताला लागतात साधारण 4.3. काच तो अडवते. आणि बल्बच्या उजेडातला जांभळासुद्धा 3.1 च्या आसपासच.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, बल्बातून एवढे फोटॉन पडतायत, मग दोघांनी मिळून एक इलेक्ट्रॉन का नाही काढला?"

मी खडू उचलला, तेवढ्यात वरिष्ठ आत आले. "एवढ्या वेळात वीस एमसीक्यू झाले असते," सगळ्यांसमोर म्हणाले. सामान कपाटात गेलं. मुलगी खाली बसली आणि वहीत सूत्र उतरवायला लागली. पुढच्या वर्षी तो धडा माझ्याकडे नव्हता. मग मीच कॉलेज सोडलं.

तिला सांगायचं होतं की पहिल्या फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनला साठवून ठेवता येत नाही, दुसरा येईपर्यंत ती धातूत विरून जाते. आणि फार तीव्र लेसरखाली दोघं मिळून खरंच काढतात! तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. दिवस लागतात ते त्यासाठी.

वरिष्ठांचं सगळंच चूक होतं असंही नाही. खेड्यातून एसटीनं येणाऱ्या पोराला शेवटी मार्कच तारतात.

तेव्हा मी ठणकावून सांगायचो, या प्रयोगानं फोटॉन सिद्ध झाला. आता तसं म्हणवत नाही. मिलिकन या भौतिकशास्त्रज्ञानं 1916 पर्यंत आइनस्टाइनचं समीकरण, म्हणजे वरचंच सूत्र, मोजून खरं करून दाखवलं, तरी फोटॉन त्याला पटत नव्हता. 1969 मध्ये लॅम्ब आणि स्कली या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रकाशाला लाटच मानून, फक्त अणूला क्वांटमचे नियम लावून, यातलं बरंचसं काढून दाखवलं. हे बारावीच्या पोरांना सांगायचं का? सांगितलं तर पेपरात गोंधळतील. नाही सांगितलं तर मी त्यांच्यापासून काहीतरी दडवतोय असं वाटतं. गेल्या बॅचला सांगितलं नाही, यंदाच्या बॅचला सांगितलं. पुढच्या वर्षीचं अजून ठरलेलं नाही.