लाइट गेली की वायफाय जायचे: लिनक्स लॅपटॉपचा माझा अनुभव

परभणीत उन्हाळ्यात लाइट जाण्याचे कोणाला नवल वाटत नाही. आमचा राउटर इन्व्हर्टरवर असल्याने लाइट गेली तरी इंटरनेट चालू राहते. तरीही गेल्या एप्रिलपासून लाइट गेल्यावर पाच-दहा मिनिटांत माझ्या लॅपटॉपचे वायफाय तुटायचे, जोडले जायचे आणि पुन्हा तुटायचे. लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. दोष मी आधी ब्रॉडबँडवाल्याला दिला. तो दोनदा आला, फायबरचे टोक साफ करून गेला आणि जाताना म्हणाला, ‘मॅडम, तुमच्या मोबाइलवर तर चालू आहे की.’ त्या वाक्याकडे मी तेव्हाच नीट लक्ष दिले असते, तर पुढचे चार दिवस वाचले असते.

त्या चार दिवसांचा राग अजून गेलेला नाही. कर्नलसोबत (लिनक्सच्या गाभ्यासोबत) आलेला ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चिप चालवणारा प्रोग्रामच खराब आहे, अशी समजूत करून घेऊन मी वायफाय चिपसाठी बाहेरून मिळणारा ड्रायव्हर डीकेएमएस या, चालू कर्नलसाठी ड्रायव्हर तयार करून देणाऱ्या साधनातून बसवायला घेतला. पहिला दिवस ड्रायव्हर तयार करायला लागणाऱ्या कर्नलच्या हेडर फाइली जमवण्यात गेला, कारण त्यांची आवृत्ती चालू कर्नलशी तंतोतंत जुळावी लागते. ड्रायव्हर तयार झाला, पण लोड होईना. सिक्युअर बूट (विश्वासू सही असलेलेच सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा) चालू होते आणि अनोळखी डिजिटल किल्लीने सही केलेला ड्रायव्हर कर्नल स्वीकारत नाही. ती किल्ली नोंदवायची म्हणजे आधी एक पासवर्ड ठरवायचा, मग लॅपटॉप रीस्टार्ट करायचा, आणि त्या वेळी येणाऱ्या निळ्या पडद्यावर दहा सेकंदांच्या आत एखादे बटण दाबायचे. दहा सेकंद! चहाचा कप खाली ठेवेपर्यंत पडदा निघून जातो, लॅपटॉप नेहमीसारखा सुरू होतो आणि नोंदणीची विनंती पहिल्यापासून करावी लागते. माझे तीन वेळा असेच झाले. चौथ्या वेळी मी स्पेसबारवर बोट ठेवूनच बसले, किल्ली नोंदवली गेली, नवा ड्रायव्हर लोड झाला, आणि संध्याकाळी लाइट गेल्यावर वायफाय पूर्वीप्रमाणेच तुटले.

तेव्हा कुठे मी जर्नलसीटीएल कमांडने लॅपटॉपच्या नोंदी वाचल्या. जोडणी तुटल्याच्या प्रत्येक ओळीत ‘रीझन ४’ आणि ‘लोकली जनरेटेड १’ असे होते, म्हणजे जोडणी राउटरने तोडलेली नव्हती, माझ्याच लॅपटॉपने सोडलेली होती. लाइट असतानाच्या वेळेत अशी एकही ओळ नव्हती. चार्जरवरून बॅटरीवर जाताना लॅपटॉपमध्ये काय बदलते, एवढाच प्रश्न उरला, आणि उत्तर मीच बसवून ठेवलेले निघाले: लोडशेडिंगमध्ये बॅटरी जास्त चालावी म्हणून मी मार्चमध्ये टीएलपी हे बॅटरी वाचवणारे सॉफ्टवेअर घेतले होते. बॅटरीवर ते वायफायची वीजबचत आपोआप चालू करते. चिप मध्येमध्ये झोपते, आणि माझ्या चिपसारखी एखादी वेळेवर जागी झाली नाही की राउटरचे संकेत हुकून लॅपटॉप जोडणी गेली असे धरतो.

टीएलपीच्या सेटिंग फाइलमध्ये बॅटरीवरची वायफाय वीजबचत ‘ऑफ’ केली, टीएलपी पुन्हा सुरू केले आणि काम झाले. आयडब्ल्यू या वायफायच्या कमांडनेही ती बंद होते, पण रीस्टार्टनंतर टिकत नाही. ज्यांच्याकडे टीएलपी नाही त्यांनी नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलींत वायफाय पॉवरसेव्हचा आकडा पाहावा. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. बाहेरचा ड्रायव्हर मी त्याच रात्री काढून टाकला.

हे आधी सांगायला हवे होते: ड्रायव्हरला हात लावण्यापूर्वी मोबाइलची यूएसबी केबल जवळ ठेवावी, कारण वायफाय पूर्ण बंद पडले तरी टेदरिंगने, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट केबलवरून घेऊन, लॅपटॉपला इंटरनेट मिळते. विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण मी शेवटच्या तारखेला, रात्री अकरा वाजता, त्याच केबलवर भरले.