वाणाचा डबा

"घरात कुठून तरी दार उघडं राहिलंय." प्रार्थना करणाऱ्या ताई म्हणाल्या, म्हणजे सैतानाला शिरायला वाट, आणि मंगळवारपासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

बाबांसाठी प्रार्थना करायला आल्या होत्या. मनापासून केली, त्यात शंका नाही. बाबांच्या छातीवर हात ठेवून रडल्या. मी चहा टाकायला आत गेले तर मागोमाग आल्या आणि ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यावर त्यांची नजर गेली. झाकणावर समोरच्या वहिनींचं नाव कोरलेलं, खाली 'हळदीकुंकू' आणि साल. "संक्रांतीचं वाण का हे?" हो म्हटलं. वहिनी मला कुंकू लावत नाहीत. पहिल्याच वर्षी त्यांनी विचारलं होतं, मी नको म्हटलं, तेव्हापासून तिळगूळ आणि वाण तेवढं हातात देतात. डब्यात मी मोहरी भरून ठेवली आहे. ताईंनी डब्याला हात लावला नाही. लांबूनच हात उगारून, त्यातल्या दुष्ट शक्तीला "येशूच्या नावात बांधते" म्हणाल्या, आणि मग मला, "हे घराबाहेर काढ, बघ बाबांना कसा आराम पडतो."

त्या गेल्या. संध्याकाळी फोडणी करताना मोहरी घ्यायला हात पुढे केला आणि थांबला. क्षणभरच. पण थांबला.

ताईंचं काही नाही, त्या सगळ्यांच्याच घरी असं बोलतात. मला सलतंय ते हात थांबणं. रात्री बाबांना खोकल्याची ढास लागली, मी उठून पाणी दिलं, पाठ चोळली, आणि अंधारात डोळे ओट्याकडे गेले. वीस वर्षं ज्या बाईने माझ्या बाळंतपणापासून आईच्या मातीपर्यंत पाठ सोडली नाही, तिच्या डब्याची मला भीती वाटावी?

आणि आमच्याच घरात का शोधतात सगळे? बाबा आजारी पडले की घरात पाप. मिनूचा निकाल बिघडला की घरात पाप. दादाचं तर बोलायलाच नको. दुसऱ्यांच्या घरी आजार येतो तो हवा बदलल्यामुळे. आमच्या घरी मात्र सैतानाचं बंधन असतं. दोन दिवस मी हेच मनात घोळवत बसले होते. रडूही आलं.

काल बायबलमधला योहानाचा नववा अध्याय काढला. जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य पहिलाच प्रश्न काय विचारतात, तर पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभू म्हणतो, यानेही नाही, आईबापांनीही नाही. पुढे तो चिखल करतो, डोळ्यांना लावतो, शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. शेजाऱ्यांनी काय दिलंय याची चौकशी करत नाही.

मग करिंथकरांस पहिलं पत्र. करिंथच्या ख्रिस्ती मंडळीलाही हीच भीती होती. बाजारातलं मांस मूर्तीपुढून आलेलं असेल तर? पत्र लिहिणारा पौल सांगतो, मूर्ती जगात काहीच नाही. बाजारात विकतात ते खा, कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, चौकशी करत बसू नका. त्याच पत्रात भुतांच्या मेजाचे भागीदार होऊ नका, म्हणजे मूर्तीपुढच्या जेवणात सामील होऊ नका, असंही आहे, ते मी गाळून वाचत नाही. वहिनींच्या पूजेला मी बसत नाही, त्यांनाही ते ठाऊक आहे. पण मोहरीचा डबा म्हणजे मेज नव्हे.

सैतान नाही असं मी म्हणत नाही. आहे. भूत काढायचं म्हणून माणसाला मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवलं, फार बरं झालं. पण ताईंनी कुणाला बोटही लावलं नव्हतं. एक वाक्य टाकून गेल्या, आणि भरल्या घरात संशय शिरला. दार उघडलं असेल तर ते असं उघडलं, असं मला आता वाटायला लागलंय. पेत्राने प्रभूला प्रेमापोटीच सल्ला दिला होता, तुला दुःख सोसावं न लागो म्हणून, आणि "सैताना" हा शब्द प्रभूने त्यालाच वापरला. बाहेरच्या कुणाला नाही, जवळच्या शिष्याला. ताईंची तुलना करायची नाही मला. तरी ते वचन कालपासून समोरून हलत नाही.

आणि पणजीची आठवण. तिला गावच्या पाणवठ्यावर घागर बुडवता येत नव्हती. वरून कोणी ओतेल तेव्हा पाणी. तिचा हात लागलेलं भांडं लोक विस्तवात घालून शुद्ध करून घेत. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं, आणि पुढे गावकुसाबाहेरची आमच्यासारखी कितीतरी घरं ख्रिस्ताकडे आली. इतरांबरोबर एका पंगतीत बसायचं, एका प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायचं, पणजीला याचं केवढं अप्रूप होतं ते आजी सांगायची. लक्ष्मीबाई टिळकही सोवळ्यातच वाढल्या होत्या. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला तरी त्यांनी काही काळ आपलं सोवळं सांभाळलं, आणि मग स्वतःच्या विचाराने सोडलं. एवढ्या माणसांनी एवढं सोसून भांड्यांचा विटाळ टाकला, आणि आता मी येशूच्या नावाने वहिनींच्या डब्याला विटाळ लावू?

नाही लावणार. हे लिहिताना छाती जरा मोकळी झाली.

भुतांवरच्या अधिकाराबद्दल ताई फार बोलतात. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूने पाठवलेले सत्तर जण आनंदाने परत येतात, भुतंही आम्हाला वश होतात म्हणतात. प्रभू अधिकार दिल्याचं नाकारत नाही. पण आनंद त्याचा मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना, म्हणतो. इफिसकरांस पत्रातली शस्त्रसामग्रीही मी पुन्हा वाचली. सत्याचा कमरबंद, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आणि पुन्हापुन्हा एकच सांगणं, की टिकून उभे राहा. हे लिहिणारा पौल स्वतः बेड्यांत होता, आणि पत्राच्या शेवटी बेड्या तुटाव्यात म्हणून प्रार्थना मागत नाही, धैर्याने बोलता यावं म्हणून मागतो.

बाबांचा खोकला आहे तसाच आहे. डॉक्टरांनी पुन्हा एक्सरे सांगितलाय. कदाचित हे असंच चालेल, आणि लोक येऊन कारणं सांगत राहतील. चालू दे.

शुक्रवारी ताई परत येणार आहेत. येऊ देत. त्यांच्या प्रार्थनेने बाबांना बरं वाटतं, मी ती तोडणार नाही. फक्त दारातच सांगेन, "ताई, आज बाबांसाठी करा, आणि समोरच्या वहिनींच्या गुडघ्यासाठीही करा. त्यांचं ऑपरेशन आहे." वहिनींनाही बोलावणार आहे मी, त्या तयार असतील तर.