चांगलं हॉटेल सांग ना

परवा रात्री साडेअकराला धाकट्या मावसभावाचा मेसेज. "ताई जागी आहेस का? उद्या कोल्हापूरला चाललोय, एखादं चांगलं हॉटेल सांग ना." बस्स, एवढंच, पुढे दोन हात जोडलेले. हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी येतो, कारण माहेर दादरचं, सासर कोल्हापूरचं आणि गेली बारा वर्षं मुक्काम पुण्यात, त्यामुळे नातेवाईक, ऑफिसातले, सोसायटीतले सगळ्यांचा समज असा की तिन्ही गावांतली हॉटेलं हिला तोंडपाठ. थोडीफार आहेतही. पण चांगलं म्हणजे कसं ते कोणी सांगतच नाही.

त्यात आपण खायच्या जागेलाही हॉटेल म्हणतो आणि राहायच्या जागेलाही, नेटवर कोल्हापूर हॉटेल टाकलं की आधी एसी रूम आणि फ्री ब्रेकफास्टच दिसतो. म्हणून मी पहिलं विचारलं, खायचं की राहायचं? तर म्हणे खायचं गं, राहायचं कधीच बुक झालंय.

मग माझी उलटतपासणी सुरू. किती जण आहात, मावशी आहे का बरोबर, पोचणार किती वाजता, आणि मुख्य म्हणजे वार कुठला? वाराचं त्याला काही कळेना. अरे मावशी सोमवार, गुरुवार, शनिवार करते ना, आणि तू नेमका गुरुवारी तिला मटणाच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यापुढे बसवणार, ती बिचारी भात-दही खाणार आणि परत आल्यावर कोल्हापूरला खायला काही मिळत नाही म्हणून सगळ्यांना सांगत फिरणार. तर हा म्हणतो, "अगं एवढं काय, नाव सांग फक्त."

नाव सांगून भागत असतं तर काय हवं होतं! फडतरे मिसळ हे नाव कोल्हापूर न पाहिलेला माणूसही सांगेल. पण ती शिवाजी उद्यमनगरात, सगळीकडे वर्कशॉप आणि मधेच मिसळीची गर्दी, आणि सकाळीच जायचं असतं हे नावात कुठे लिहिलंय? दुपारी पोटभर झोप काढून "चला मिसळ खाऊ" म्हणून गेलात तर काही खरं नाही. शिवाय तिथे मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस येतात, आमच्या दादरच्या माणसांना ते बघून धक्काच बसतो, लादी पाव नाही म्हणजे काय. माझ्या सख्ख्या भावाने लग्नानंतर पहिल्यांदा कोल्हापूरला आल्यावर भर हॉटेलात विचारलं होतं, "पाव संपले का हो?" माझे दीर अजून त्याला त्यावरून चिडवतात.

मिसळीबद्दल तर मी आता मत देणंच सोडून दिलंय. पुण्यात नारायण पेठेत मुंजोबाच्या बोळात बेडेकरांची मिसळ, ती जराशी गोडसर, माझ्या आईला प्रचंड आवडते. तीच मिसळ मी सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, मोठ्या हौसेने खायला घातली तर ते शेवटपर्यंत शांतपणे खात होते आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "चांगलं हाय गं, पर मिसळ कुठं हाय?" ठाण्याची मामलेदार, मामलेदार कचेरीपाशी म्हणून मामलेदार, ती तिखट सांगून मागवली तर कोल्हापूरकरांच्याही कपाळावर घाम येतो, हे मी स्वतः बघितलंय (आणि तो फोटो माझ्याकडे आहे, दिरांनी जास्त बोलू नये). दादरला शिवसेना भवनासमोरच्या आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनमधल्या फूडी हबने जगातला सगळ्यात चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं तेव्हा आमच्या माहेरच्या ग्रुपवर दिवाळी होती आणि सासरच्या ग्रुपवर नुसते हसण्याचे इमोजी. आता यात बेस्ट कुठली ते मी कसं सांगू, आणि सांगून कुठल्या घरी जेवायला जाऊ?

म्हणून हल्ली मी वेगळंच करते. मिशेलिन ही टायरची कंपनी, त्यांनी १९०० साली फ्रान्समध्ये एक गाइड काढलं, गाडी घेऊन फिरणाऱ्या लोकांसाठी, म्हणजे लोक फिरतील, टायर झिजतील, नवीन घेतील असा साधा हिशोब. पुढे त्यांनी हॉटेलांना स्टार द्यायला सुरुवात केली. त्यांचे दोन स्टार म्हणजे वाट वाकडी करून जाण्यासारखं आणि तीन म्हणजे खास तेवढ्यासाठी प्रवास करण्यासारखं. हे मी वाचलं तेव्हा मला वाटलं अरे, ही तर आमच्या आजीची भाषा. ती कुणाकडच्या जेवणाला म्हणायची, "त्या बाजूला गेलात तर जेवा, वाट वाकडी करायला नको." विषय संपला. पांढऱ्या टोप्या न् काटे-चमचे सोडा, पण ही वाट वाकडी करायची मोजपट्टी मला फार उपयोगी पडते. गुडलकचा बनमस्का-चहा, डेक्कनला असाल तर नक्की प्या, १९३५ पासूनचं इराणी आहे, पण त्यासाठी हिंजवडीहून संध्याकाळी सहाला निघणार असाल तर माझं नाव सांगू नका. दादरच्या प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पीयूष यासाठी मात्र मी प्लॅटफॉर्म बदलून, ब्रिज चढून, बॅग ओढत गेलेय. आणि बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियाचा बेरी पुलाव आयुष्यात एकदा तरी खास जाऊन खावा, १९२३ सालचं हॉटेल आहे, त्या पुलावातल्या आंबटगोड लाल बेरीसारखं मी दुसरं काही खाल्लेलं नाही.

माटुंग्याचं एक सांगते. बाबा एकदा मुंबईला दवाखान्याच्या कामासाठी आले होते, दोन दिवस आईकडे राहिले. आई त्यांना माटुंगा स्टेशनला लागून ए. रामा नायकांचं बोर्डिंग आहे तिथे घेऊन गेली, १९४२ चं आहे ते. जिना चढून वर जायचं, केळीच्या पानावर जेवण. पान पुढ्यात आलं की वाढपी एकामागून एक येतात, भाजी, कोशिंबीर, पुऱ्या, मग भात, भातावर सांबार, परत भात, रसम. बाबांनी रसम हाताने भातात कालवलं, पानावरून पळायला लागलं तसं बोटांनी बांध घालून अडवलं, शेतात पाणी अडवतात तसं अगदी, आणि पान चाटूनपुसून साफ केलं. ढेकर दिला. मग आईकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "विहीणबाई, मटण आता येतंय न्हवं?" आई अजून हे सांगताना डोळे पुसते. (तिकडेच किंग्ज सर्कलला कॅफे मद्रास आहे, १९४० चं, रसम इडली खाच, पण सोमवारी जाऊ नका, बंद असतं. बघा, याला म्हणतात सांगणं.)

पण हॉटेल शोधायला मी शिकले ते बाबांकडूनच. ते फोन काढत नाहीत, रेटिंग बघत नाहीत. नवीन गावात गेलं की ते आधी मटणाचं दुकान शोधतात आणि तिथे विचारतात, तुमचं मटण कुठल्या खानावळीत जातं? मटणवाला खोटं बोलत नाही म्हणे, त्याला माहीत असतं कोण कोवळं घेतंय आणि कोण उरलंसुरलं. मग त्या खानावळीत जाऊन टेबलावर बसायच्या आधी उभ्या उभ्याच सांगणार, "वाटीभर पांढरा आणा आदी, मग बसतो." बायकोसमोर, सुनेसमोर, पोरांसमोर. पहिल्यांदा मला लाजेने मेल्यासारखं झालं होतं. पांढरा आला की वाटी तिरकी करून बघतात. चांगला पांढरा पातळ असतो, मटणाच्या अळणी पाण्यावर नारळाचं दूध, खसखस-काजूचं वाटण, वर मिरीचा वास, आणि तळाशी एखादी वेलची, दालचिनीचा तुकडा सापडतो. वाटी तिरकी केल्यावर कडेला जाडसर साय लागल्यासारखं राहिलं की त्यांचा चेहरा पडतो. "पीठ लावलंय ह्यात कायतर, चला." आणि खरंच उठून चालायला लागतात, वाटीचे पैसे ठेवून. पाच वेळा असं झालंय, पाचही वेळा पुढच्या ठिकाणी आम्ही जास्त चांगलं जेवलोय, त्यामुळे आता मीच विचारते, काय बाबा, बसायचं का?

आणि हो, ते व्हेज कोल्हापुरी नावाचं लालभडक प्रकरण कोल्हापूरच्या कुठल्याच घरात होत नाही. तिखटाचं नुसतं नाव. आमच्याकडे ज्याला चटणी म्हणतात, म्हणजे कांदा-लसूण घातलेलं तिखट, त्याला तिखटापेक्षा वास जास्त.

रेटिंग मीही बघते, नाही असं नाही, पण उलटं. पाच स्टारवाले वाचतच नाही, त्यात नुसतं अप्रतिम, सुंदर, मस्ट ट्राय. एक स्टारवाले आधी वाचते. "पार्किंग नाही", "एसी नाही", "अनोळखी लोकांच्या टेबलावर बसवलं", "मालकाने सांगितलं रस्सा संपला, उद्या या" असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, जागा चांगली आहे. "आधी छान होतं, आता चव बदलली" असं दोन-तीन जणांनी लिहिलेलं दिसलं की मात्र मी जात नाही. हे मी पोळून शिकलेय.

झालं असं, पुण्यातलीच एक जागा, नाव नको, मी कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत होते, मासे खायचे तर तिथेच. ऑफिसच्या नवीन मॅडम बंगलोरहून आल्या, त्यांना फार उत्साहाने तीच सांगितली, त्या नवऱ्याच्या वाढदिवसाला आठ जणांना घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं तर म्हणाल्या, "हां, ओके होतं." पुण्यात ओके म्हणजे काय ते मला माहितीय, बंगलोरमध्येही बहुतेक तेच असावं. मग मी स्वतः जाऊन बघितलं. सोलकढी गुलाबी नाही तर चक्क जांभळट, रंग घातलेला, सुरमई वरून काळी आणि आत कच्ची. वाढणाऱ्या मुलाला विचारलं तर म्हणाला आचारी गावाला गेले ते आलेच नाहीत, आठ महिने झाले. आणि मी शेवटची गेले होते कधी, तर दोन वर्षांपूर्वी! म्हणजे मी दोन वर्षं शिळं सांगत होते लोकांना. तेव्हापासून मी सांगताना बरोबर तारीखही सांगते, "मी गेल्या मे महिन्यात खाल्लंय, आताचं तू बघ." लोक हसतात, हसू देत.

रीलवाल्या जागांचं तर बोलूच नये. एकदा मुलीच्या हट्टाने गेलो होतो एका ठिकाणी, चीजचा धबधबा वगैरे, सव्वा तास रांगेत, लेक खांद्यावर झोपून गेली, आणि आमचा नंबर आला तेव्हा आमच्याच टेबलावर कोणीतरी रिंगलाइट लावून व्हिडिओ काढत होतं, त्यांचं होईस्तोवर परत पंधरा मिनिटं. घरी येऊन पिठलं-भात केला.

तर मावसभावाला शेवटी रात्री साडेबाराला मी एवढा मोठा मेसेज पाठवला. वाटेत साताऱ्याला कंदी पेढे घे. पोचल्यावर पहिल्या दिवशी हलकं जेव. सकाळी नऊच्या आत मिसळ. संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध, ग्लासावर फेस असतो तोवरच प्यायचं, मावशीला पचणार नाही, तिला देऊ नको. राजाभाऊची भेळ. मटणाचं ताट बुधवारी किंवा रविवारी, आणि रविवारी जाणार असशील तर बाराच्या आत, नाहीतर तासभर उभा राहशील. पांढरा परत परत मागायला लाजायचं नाही, ताटाबरोबर वाढतातच, पण तांबडा आधी संपव म्हणजे तोंड शेवटी शांत होतं. त्याने त्यावर अंगठा टाकला. एक अंगठा.

तिसऱ्या दिवशी फोटो आला, मिसळीच्या बंद शटरसमोर चौघं सेल्फी काढून उभे, खाली वेळ दिसत होती, तीन वाजून दहा मिनिटं. "ताई हे बंद असतं का?" मी उत्तरच दिलं नाही.

रात्री मात्र त्याचा फोन. आवाज एकदम खुशीत. "अगं काय जेवलोय आज! गल्लीत घरातच खानावळ आहे, काकू स्वतः वाढत होत्या, बाहेर पाटी पण नाही, पांढरा काय होता ताई, मी सात वाट्या प्यायलो, आईने पण भाकरी-खर्डा काय चापून खाल्ला." आता सात वाट्या म्हटल्यावर मी ताडकन उठून बसले, बाबांना हाक मारली, फोन स्पीकरवर टाकला, बाबा पण चष्मा लावून पेन घेऊन आले. कुठे रे? कुठली गल्ली? तालमीच्या बाजूला का रंकाळ्याकडे? नाव काय काकूंचं?

"नाव नाही विचारलं गं," तो म्हणाला. "रिक्षाने गेलो होतो, अंधार होता. पण चांगलं हॉटेल होतं."