समोरच्या दाताचं इम्प्लांट करायचंय? आधी हाडाचं विचारा

माझा वरचा अगदी समोरचा दात, पटाशीचा, गेल्या वर्षी काढावा लागला आणि त्याच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू आणि त्यावर दात, बसवलं. तेव्हापासून मैत्रिणी, वहिनीच्या मैत्रिणी, कॉलेजातल्या सहकाऱ्यांच्या घरची मंडळी असे बरेच फोन येतात, दुखतं का गं, किती पैसे गेले, मधल्या काळात लेक्चर कशी घेतलीस, दात खरा वाटतो का. फोनवर घाईत अर्धवट सांगितलं जातं आणि जे खरंच महत्त्वाचं ते राहून जातं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतेय.

महत्त्वाचं आधीच सांगून टाकते. समोरच्या दाताच्या बाबतीत स्क्रू बसवणं हा सगळ्यात सोपा भाग आहे, खरं काम हाडाचं आणि हिरडीचं. आणि त्यातलं निम्मं दात काढायच्या दिवशीच ठरून जातं, जेव्हा आपल्या डोक्यात फक्त "एकदाचा काढा बाई" एवढंच असतं.

माझ्या दाताचं असं झालं की शाळेत असताना सायकलवरून पडले, दात हलला, पुढे काळा पडला, मग रूट कॅनल, मग कॅप. ती कॅप कितीतरी वर्षं छान चालली. मग वरच्या हिरडीवर एक बारीक पुळी यायला लागली, दाबली की पू यायचा, चार दिवस बरं, की परत तेच. दुखत काहीच नव्हतं. साध्या एक्सरेत काही स्पष्ट दिसेना. मग डॉक्टरांनी खुणा केलेली बारीक सळई हिरडीच्या कडेने फिरवली, दाताभोवती सगळीकडे दोन-तीन मिलिमीटरच जात होती आणि एका जागी मात्र सरळ खोल गेली. मूळ उभं चिरलं होतं. असा समोरचा दात वाचत नाही, काढावाच लागतो.

जिथे हे निदान झालं तिथे लगेच म्हणाले आजच काढू, आजच स्क्रू टाकू, संध्याकाळी दात लावून घरी जा. मला ते काही पटेना. तसं करता येत नाही असं नाही, दात काढून उरलेल्या खड्ड्याच्या हाडाच्या भिंती शाबूत असतील आणि स्क्रूला पहिल्याच झटक्यात घट्ट पकड मिळाली तर चांगले डॉक्टर करतातही. पण माझ्याकडे पू होता, आणि हाड किती शिल्लक आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं. मग मिरजेत एक हिरड्यांच्या तज्ज्ञ मॅडम आहेत त्यांच्याकडे गेले, त्यांनी पहिल्यांदा सीबीसीटी स्कॅन करायला लावला. जबड्याचा थ्रीडी स्कॅन असतो तो, उभं राहायचं, मशीन डोक्याभोवती एक फेरी मारतं, झालं.

स्कॅन स्क्रीनवर लावून मॅडमनी जे समजावलं ते प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. वरच्या समोरच्या दातांच्या पुढे, म्हणजे ओठाच्या बाजूला जी हाडाची भिंत असते ती बहुतेकांची एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. आणि ती भिंत बरीचशी दाताच्याच जिवावर जगते, मूळ आणि हाड यांच्यामध्ये जे तंतू असतात त्यांच्यातून तिला रक्त मिळतं. दात काढला की तंतू गेले, मग ती भिंत विरघळायला लागते. पहिल्या सहा महिन्यांत हाडाची रुंदी साधारण साडेतीन-चार मिलिमीटर कमी होऊ शकते. आता बघा, तिथे मुळात हाड असतं जेमतेम सात-आठ मिलिमीटर रुंद, स्क्रूच साडेतीन ते चार मिलिमीटर जाड, आणि त्याच्या पुढे अजून दीड-दोन मिलिमीटर हाड हवं, नाहीतर हिरडी वर सरकते आणि आतला करडा धातू दिसायला लागतो. मागच्या दाढेला हे खपून जातं, तिथे कोण बघतंय. समोर नाही खपत. माझ्या स्कॅनमध्ये तर चिरेच्या समोरची भिंत जवळजवळ गेलेलीच होती.

ब्रिजचा, म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधाराने मधला दात बसवायचा, पर्याय होता, पण त्यासाठी शेजारचे दोन धडधाकट दात घासून बारीक करावे लागले असते, माझं मन होईना. शेजारच्या दाताला मागून पंख चिकटवायचा मेरीलँड ब्रिज असतो, तो वाईट नाही, ज्यांचं हाड फारच कमी आहे किंवा वय लहान आहे त्यांनी जरूर विचारावं. काढता-घालता दात हा तर तात्पुरताच.

मग ठरलं ते असं. आधी दात अलगद काढायचा, भिंतीला धक्का न लावता, खड्ड्यात हाडाची भुकटी भरायची, तीन-चार महिने थांबायचं, मग स्क्रू, परत थांबायचं, मग दात. ही भुकटी कशाची असते ते मात्र आधी विचारून घ्या. जगभर सगळ्यात जास्त वापरली जाणारी भुकटी गाय-बैलाच्या हाडापासून केलेली असते, सगळे सेंद्रिय घटक काढून टाकून फक्त खनिज उरवलेलं. वरून झाकायचा पडदासुद्धा बऱ्याचदा डुकराच्या नाहीतर गाईच्या कोलेजनचा असतो. आमच्या मॅडमनी स्वतःहून विचारलं, तुमच्या घरी चालेल का, आणि मला त्यांचं हे वागणं फार आवडलं, कारण आई माझ्याबरोबर होती आणि तिला नंतर कळलं असतं तर तिला त्रास झाला असता. कृत्रिम भुकटीही मिळते, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट वगैरे. मी ती घेतली. जनावराच्या हाडाची भुकटी फार हळू विरघळते म्हणून हाडाचा आकार जास्त चांगला टिकतो, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, मग निर्णय आमच्यावर सोडला. पडद्यासाठी माझंच रक्त काढून नळीत घालून मशीनमध्ये गरगर फिरवलं, त्यातून पिवळट, जेलीसारखा एक गोळा निघतो, पीआरएफ म्हणतात त्याला. तो चेपून त्याचा पातळ तुकडा केला आणि खड्ड्यावर ठेवून टाके घातले.

मधल्या काळात दिसण्याचं काय, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. माझी जुनी कॅपच आतून भरून, खालून गुळगुळीत करून शेजारच्या दोन दातांना मागून चिकटवून दिली. एकदा वर्गात "वस्तुस्थिती" म्हणता म्हणता ती एका बाजूने सुटली, जिभेने दाबून धरून तास संपवला आणि संध्याकाळी परत चिकटवून आणली. समोरचा दात नसला की फ, व, स सगळ्याच अक्षरांतून हवा जाते, शिकवणाऱ्या माणसाला हे फार जड जातं. त्यामुळे तात्पुरता दात कसा देणार हे दात काढायच्या आधी ठरवून घ्या, नंतर नाही.

स्क्रूचं ऑपरेशन. दुखतं का, तर टाळूत जे भुलीचं इंजेक्शन देतात ते दुखतं, अगदी डोळ्यांतून पाणी येतं. त्यानंतर काही दुखत नाही, फक्त कवटीत घरघर जाणवते. ड्रिल हळू चालवतात आणि सतत गार सलाईन सोडत राहतात, कारण हाड ४७ डिग्रीला मिनिटभर जरी तापलं तरी तिथलं हाड मरू शकतं आणि मेलेल्या हाडाला स्क्रू धरत नाही. स्क्रू जरा टाळूच्या बाजूला झुकवून बसवला, पुढचं हाड वाचावं म्हणून, आणि पुढे अजून थोडी भुकटी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओठ सुजून वर आला होता, मग उतरला. मऊ भात, पेज, खिचडी, गार सांजा. स्ट्रॉने काही प्यायचं नाही.

आणि मग थांबायचं. हे थांबणंच लोकांना नको असतं, पण सगळी जादू तिथेच आहे. पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे स्वीडनचे एक डॉक्टर होते, १९५२ च्या सुमारास ते सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते, त्यासाठी टायटॅनियमचं एक छोटं नळकांडं हाडात बसवलं होतं. प्रयोग संपल्यावर काढायला गेले तर निघेना, हाड त्याला धरून बसलेलं. शरीर टायटॅनियमला परकं मानत नाही, हाड थेट त्याच्या पृष्ठभागावर वाढतं. १९६५ मध्ये त्यांनी यॉस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले आणि ते त्या माणसाला २००६ साली तो जाईपर्यंत पुरले, चाळीस वर्षं! मी हे वाचलं तेव्हा मला थांबणं सोपं झालं. आत हाड एकेक पेशी करून स्क्रूला धरतंय, त्याला त्याचा वेळ द्यायला नको का.

हाड धरल्यावर हिरडीचं काम, आणि हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटला. लगेच पक्का दात देत नाहीत, आधी अ‍ॅक्रिलिकचा एक तात्पुरता दात स्क्रूवर लावतात आणि त्याच्या खालच्या फुगीर भागाने हिरडीला हळूहळू आकार देतात. दात आवळला की हिरडी पांढरी पडते, आरशात दिसतं, मॅडम घड्याळ बघत थांबायच्या, काही मिनिटांत परत गुलाबी झाली तर ठीक, नाही झाली तर काढून थोडं घासायच्या. पुढच्या वेळी जरासं कॉम्पोझिट (दातात भरतात तो दाताच्या रंगाचा मसाला) वाढवायचं, परत तेच. असं करत करत दोन दातांमधली हिरडीची ती त्रिकोणी टोकं भरत आली. ती टोकं नसली की तिथे काळी फट दिसते, मग दात कितीही महागाचा असो, खोटाच वाटतो. टोक भरणार की नाही हेही हाडावरच, दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथून हाडापर्यंत अंतर पाच मिलिमीटर किंवा कमी असेल तर ते बहुतेक वेळा भरतं. म्हणजे फिरून परत हाड.

रंग जुळवायला सकाळी बोलावलं, खिडकीपाशी, लिपस्टिक न लावता, आणि तोंड उघडून बसायच्या आधीच पटकन जुळवला, कारण दात कोरडे झाले की पांढरे दिसतात. माझ्या वयाचे दात हिरडीपाशी पिवळट आणि टोकाला जरा पारदर्शक असतात, शिवाय शेजारच्या दातावर एक पांढरी रेघ आहे, तीसुद्धा लॅबवाल्यांनी उतरवली. "जरा पांढराशुभ्र करून द्या" असं म्हणायचा मोह होतो, नका म्हणू. दात सिमेंटने चिकटवणार की स्क्रूने आवळणार हे पण विचारा. सिमेंट हिरडीखाली राहिलं तर आत सूज धरते. माझा स्क्रूने आवळलाय, मागच्या बाजूला बारीक भोक आहे, त्यात नळाला लावतात तसली टेफ्लॉन टेप भरून वर कॉम्पोझिट. उद्या काही झालं तर दात न तोडता काढता येतो.

खर्च सगळा मिळून सत्तर हजारांच्या आसपास गेला, स्कॅन, भुकटी, तात्पुरते दात धरून. जाहिरातीत जो आकडा असतो तो बऱ्याचदा नुसत्या स्क्रूचा असतो, म्हणून कागदावर लिहून घ्या काय काय धरलंय. माझ्या मेडिक्लेममध्ये यातलं काही बसलं नाही. ज्यांना एवढं शक्य नाही त्यांनी सरकारी डेंटल कॉलेजात चौकशी करावी, मुंबईत सेंट जॉर्जेसच्या आवारातलं किंवा महापालिकेचं नायर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. वेळ जास्त जातो, पण एमडीएस (दंतवैद्यकाचं पुढचं शिक्षण) करणारे विद्यार्थी आणि त्यांचे सर मिळून काळजीने करतात.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना आपणहून सांगायच्या गोष्टी म्हणजे शुगर, तंबाखू-सिगारेट आणि मिश्रीसुद्धा (आपल्याकडच्या कितीतरी बायका मिश्रीला तंबाखूत धरतच नाहीत), आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून घेत असलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शन. हे शेवटचं तर नक्की सांगा, त्या औषधांवर असताना जबड्याच्या जखमा भरायला त्रास होऊ शकतो.

मुलांच्या आयांसाठी एक. वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट करत नाहीत, कारण जबडा वाढत राहतो आणि स्क्रू तिथेच राहतो, मग तो दात आखूड दिसायला लागतो. म्हणून पडून पक्का दात अख्खा निघून आला तर तो टाकू नका. मुळाला हात न लावता पांढऱ्या भागाला धरायचा, माती असली तर जरासा पाण्याने किंवा दुधाने खळबळायचा, घासायचा नाही, जमलं तर तिथेच परत खड्ड्यात बसवायचा, नाहीतर कपभर दुधात टाकून तासाभराच्या आत डेंटिस्ट गाठायचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

आता माझा दात बसून बरेच महिने झाले. भाकरी, सफरचंद सगळं खाते, पेरू आणि ऊस मात्र समोरच्या दातांनी तोडत नाही. इम्प्लांटला मूळ आणि हाडामधले ते तंतू नसतात, त्यामुळे किती जोर पडतोय हे खऱ्या दातासारखं कळत नाही, म्हणून चावा मुद्दाम हलका ठेवलाय. कीड लागत नाही, पण हिरडी बिघडू शकते आणि बिघडली तरी लवकर दुखत नाही, ब्रश करताना रक्त दिसलं की लगेच दाखवायचं. रोज रात्री सुपरफ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा जाडसर दोरा), सहा महिन्यांनी तपासणी.

आणि एक कार्ड मागून घ्या. स्क्रूच्या डबीवर स्टिकर असतं, कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी, लॉट नंबर, ते कार्डावर चिकटवून देतात. प्रत्येक कंपनीचे आतले पार्ट आणि ते आवळायचे पाने वेगळे असतात, उद्या मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि तिथे स्क्रू सैल झाला तर तिथल्या डॉक्टरांना पहिलं तेच लागेल. मी त्याचा फोटो मोबाईलमध्येही ठेवलाय आणि मुलालाही पाठवलाय.