मेलेल्या ईसीयूचा पंचनामा

गेल्या मे महिन्यात आर्वी तालुक्यातील एका खेड्यातून २०१२ सालची एक डिझेल गाडी ट्रॅक्टरमागे टोचन करून माझ्या दुकानात आली, तेव्हा तिचा निकाल आधीच लागलेला होता. शहरातील एका वर्कशॉपने कागदावर ‘ईसीयू (म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) खराब, बदलावा लागेल’ एवढेच लिहून दिले होते आणि नव्या ईसीयूचा जो आकडा सांगितला होता, तेवढे पैसे ती गाडी विकूनही आले असते की नाही, याची शंकाच होती. मालक तिच्यावर दवाखान्याची भाडी करतो. बाळंतपण, सर्पदंश, शिवाय वर्ध्याला नेमाने डायलिसिसला जाणारी गावातली एक म्हातारी. तो म्हणाला, “भाऊ, कॉम्प्युटर उडाला म्हणते. खरंच उडाला का, एवढं पाहून सांगा. बुडीले परवा न्या लागते.”

‘ईसीयू गेला’ हे वाक्य आमच्या धंद्यात फार स्वस्त झाले आहे. स्कॅनर, म्हणजे गाडीतले दोष वाचणारे यंत्र, इंजिनाशी बोलेना, की माणसे वायरिंगला हात न लावता ते उच्चारून मोकळी होतात. या गाडीतही सेल्फ व्यवस्थित फिरत होता, पण इंजिन सुरू होत नव्हते. चावी फिरवल्यावर चेक लाइट लागत नव्हता. स्कॅनरला एबीएस (ब्रेकचा कॉम्प्युटर) आणि डॅशबोर्डवरचा मीटर सापडत होते आणि दोघांनीही इंजिनाशी संपर्क तुटल्याची तक्रार नोंदवून ठेवली होती. ही लक्षणे मेलेल्या ईसीयूची असू शकतात, तशीच ती उपाशी ईसीयूचीही असू शकतात. त्यामुळे ईसीयूचे सॉकेट काढून त्याला येणारा पुरवठा आधी तपासला. येथे नुसता मल्टिमीटर लावणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे आहे, कारण वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. मी त्या वायरीवर हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडतो; त्याला साडेचार अँपिअरच्या आसपास करंट लागतो आणि तो लख्ख पेटला तरच वायर चांगली मानतो. तो पेटला. रिलेही बरोबर होता. नंतर सॉकेट परत बसवून सेन्सरांना जाणारा ५ व्होल्टचा पुरवठा पाहिला, तर तो शून्य होता. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तरी हा दाब कोसळतो आणि धडधाकट ईसीयू मुका होऊन बसतो, म्हणून एकेक सेन्सर काढून पाहिला. दाब काही परतला नाही. बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सॉकेटातील ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये मोजले, तर ६० ओहम, म्हणजे हे कॉम्प्युटर एकमेकांशी ज्यावरून बोलतात ती वायरींची जोडीही शाबूत होती. वर्कशॉपचे निदान बरोबर निघाले.

तो का गेला, हे मात्र त्यांनी पाहिलेच नव्हते. फ्यूजच्या डब्यात ईसीयूच्या जागी झाकणावर १५ अँपिअर छापलेले असताना निळ्या फ्यूजऐवजी हिरवा, ३० अँपिअरचा फ्यूज बसवलेला होता. सेल्फ मारताना इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यामध्ये जेमतेम दोन-तीन दशांश व्होल्ट दिसायला हवेत, तेथे दोनच्या आसपास दिसले. इंजिनापासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी बॅटरीच्या ॲसिडने हिरवी पडून मोजक्या तारांवर लटकत होती. अशा अवस्थेत सेल्फचा करंट गिअरच्या केबलमधून, सेन्सरांच्या अर्थमधून, सापडेल त्या वाटेने परततो. नवा ईसीयू तसाच बसवून दिला असता, तर तो किती टिकला असता, कोण जाणे.

मग मालकाने उरलेली हकीकत सांगितली. बॅटरी वारंवार उतरत होती, म्हणून तो गावातल्या फिटरकाकांकडे गेला. काकांनी अल्टरनेटर चार्जिंग करतो का हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढले आणि इंजिन जागेवर बंद पडले. जुन्या जीपमध्ये ही परीक्षा चालत असे, कारण तेथे डिझेल पंप यांत्रिक होता आणि एकदा सुरू झालेल्या इंजिनाला विजेची फारशी गरज नसे. आजच्या गाडीत मात्र बॅटरीचा भार असा एकाएकी तुटला, की अल्टरनेटरचा दाब क्षणात उसळतो. रोखणारे काही नसेल, तर १२ व्होल्टच्या गाडीत तो ८० ते १०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो.

ईसीयूचे चिकटवलेले कव्हर गरम करून सावकाश उचलले. पुरवठा आत येतो त्याच ठिकाणी, उसळी गिळण्यासाठी बसवलेला डायोड फुटून शॉर्ट झाला होता. त्याने आपले काम केले होते. पण त्याच्यापर्यंत येणारा तांब्याचा पट्टा बोटभर लांबीत वितळून गेला होता, खालचे बोर्ड कोळशासारखे काळे झाले होते आणि शेजारची ५ व्होल्ट तयार करणारी चिप त्या उष्णतेने तडकली होती. उसळी सेकंदाच्या काही दशांशांत संपते. एवढ्या वेळात एवढे बोर्ड जळत नाही. त्यासाठी मोठा करंट बराच वेळ वाहावा लागतो आणि तो वाहू दिला त्या हिरव्या फ्यूजने. १५ चा फ्यूज उडाला असेल तेव्हाच कोणी थांबला असता, तर काही रुपयांचा डायोड बदलून हाच ईसीयू कदाचित वाचला असता. माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट ही.

दुसरा ईसीयू नागपूरच्या जुन्या मालातून मागवला. विक्रेत्याने लेबलवरचा शेवटचा अंक वेगळा असलेला तुकडा ‘चालून जाते’ म्हणून पुढे केला होता, तो परत करून तंतोतंत क्रमांकाचाच घेतला. या सगळ्यात म्हातारीची ती खेप चुकली नाही, कारण मालकाने शेजारच्या गावातून गाडी ठरवून दिली. तिचे भाडे त्यानेच भरले. या ईसीयूत इमोबिलायझरची, म्हणजे गाडीची चावी ओळखणाऱ्या व्यवस्थेची, माहिती आठ पायांच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये असते. जुन्या बोर्डावरची ती चिप गरम हवेने उचलली, प्रोग्रॅमरवर दोनदा वाचून दोन्ही फाइली सारख्या असल्याची खात्री केली आणि मगच ती दुसऱ्या बोर्डावर झाळली. भर उन्हाळ्यात त्या कामासाठी पंखा बंद ठेवावा लागतो, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. नवी अर्थ पट्टी टाकली, १५ चा फ्यूज बसवला. गाडीने जुनी चावी लगेच ओळखली, सेल्फ मारताना रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या नळीत, दाब भरला आणि इंजिन सुरू झाले. इंजेक्टरांवर कोरलेले कोड स्कॅनरमधल्या कोडांशी ताडून पाहिले, तेव्हा तिसऱ्याचा जुळेना. कोणी तरी पूर्वी इंजेक्टर बदलला होता आणि कोड भरलाच नव्हता. तो भरल्यावर आयडलिंगची जुनी थरथर गेली. मालकाला ती थरथर म्हणजे गाडीचा स्वभाव वाटत होता.

पुढे मात्र त्याने मला पेचात टाकले. त्याला काकांकडून अर्धे पैसे हवे होते आणि ‘चूक काकांची’ असे मी बोलावे, ही त्याची अपेक्षा होती. काकांच्या हाताखाली या भागातले निम्मे फिटर तयार झाले आहेत. इंजिन नुसते ऐकून ते बेअरिंग सांगतात. त्यांना फोन केला, तर ते म्हणाले, “अरे बाबू, जिंदगीभर असंच चार्जिंग पाहत आलो मी. अन् फ्यूजले त मी हात बी नाही लावला.” वर्कशॉपचे उत्तर होते, की गाडी आली तेव्हा फ्यूज तोच होता. मी बिलावर मोजलेले तेवढेच लिहिले: अर्थची पट्टी तुटत आलेली, डायोड फुटलेला, १५ च्या जागी ३० चा फ्यूज. जळालेला ईसीयू आणि तो हिरवा फ्यूज पिशवीत घालून मालकाच्या हाती दिले. त्यांचा हिशेब अजून मिटलेला नाही, पण परवा त्याने क्लचचे काम काकांकडेच केले.