ढालींची वही: पाचरी, किल्ले आणि एक रहाट

पाऊस थांबल्यावर तीन रविवार वसईच्या किल्ल्यात घालवले. वहीत सहा नव्या ढाली आल्या. ढाल म्हणजे इथे घराण्याचं किंवा राज्याचं ढालीच्या आकारात काढलेलं चिन्ह, आणि त्याचं शास्त्र म्हणजे हेराल्ड्री. दोन रंगवून झाल्यात, एक पूर्ण खोडून पुन्हा काढावी लागली, बाकीच्या पेन्सिलीतच आहेत.

आधी उजेडाचं सांगते. कोरीव काम दुपारी अगदी सपाट दिसतं. सकाळी आठच्या आत ऊन आडवं असतं, तेव्हा झिजलेली रेघही सावली टाकते. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या फरशांपर्यंत भिंतींमुळे ते ऊन नीट पोचत नाही. तिथे टॉर्च फरशीला जवळजवळ टेकवून चारी बाजूंनी फिरवायचा, प्रत्येक बाजूचा एक फोटो घ्यायचा आणि घरी चारही फोटोंवरून ट्रेस करायचं. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा कोळसा फासणारे अजून भेटतात. कृपा करून असं करू नका. चारशे वर्षं टिकलेली कड आपल्या घासण्याने जाते.

खोडलेली ढाल याच फरशांपैकी एकीवरची. क्षेत्रावर, म्हणजे ढालीच्या पार्श्वभूमीवर, उभ्या बारीक रेघा दिसल्या आणि मी बेधडक लाल रंग भरला. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनं, कोरं म्हणजे चांदी, हे आपल्याला पाठच असतं. पण ही रेघांची पद्धत रूढ झाली ती सतराव्या शतकात, पेत्रा सांक्ता या जेझुइट पाद्र्याच्या १६३८च्या ग्रंथामुळे. माझ्या फरशीवरच्या सालाचे पहिले दोन आकडे १५ आहेत. म्हणजे त्या रेघा नुसत्या छिन्नीच्या. रंग दगडाने सांगितलेलाच नाही, मी तो त्याच्या तोंडी घातला. ती ढाल आता वहीत बिनरंगी आहे आणि तशीच राहील.

सगळ्यात जास्त वेळ बालेकिल्ल्याच्या दरवाजावरच्या पोर्तुगालच्या राजचिन्हाने खाल्ला, आणि तो वसूलही झाला. चांदीच्या क्षेत्रावर क्रॉसच्या आकारात पाच निळ्या छोट्या ढाली, प्रत्येकीत पाच चांदीचे ठिपके, भोवती लाल किनार आणि किनारीत सोन्याचे किल्ले. रंगवताना ‘धातूवर धातू नको, रंगावर रंग नको’ (धातू म्हणजे सोनं-चांदी, रंग म्हणजे लाल, निळा वगैरे) हा नियम हाताला कळतो. चांदीवर निळा, निळ्यावर चांदी, लालावर सोनं, प्रत्येक थर खालच्यापासून सुटून दिसतो. आधी मी धातूची चकाकी असलेला सोनेरी रंग वापरला होता. तो वाळल्यावर लालावर मातकट दिसला, फोटोत तर काळपटच. आता साधा पिवळा पोस्टर कलर वापरते. या शास्त्रात पिवळा आणि सोनं एकच, पांढरा आणि चांदी एकच, तेव्हा चूक काहीच नाही.

या चिन्हाचा अर्थ काय, हे मला दर वेळी विचारतात. पाच ढाली म्हणजे ११३९ सालच्या औरिकच्या लढाईत हरवलेले पाच मूर, म्हणजे मुसलमान, राजे. किंवा ख्रिस्ताच्या पाच जखमा. ठिपके मोजताना मधली ढाल दोनदा धरली की तीस होतात, ती ख्रिस्ताला पकडून देण्यासाठी ज्यूदासने घेतलेली तीस नाणी. आणि किल्ले म्हणजे मूरांकडून जिंकलेले गड. या कथा सुंदर आहेत, पण चिन्ह आधी आलं आणि कथा मागाहून चिकटल्या. किल्ल्यांचं कारण घरातलं आहे. ते आणणारा पोर्तुगालचा अफोन्सो तिसरा हा राजाचा धाकटा भाऊ. थोरल्याची ढाल जशीच्या तशी घेता येत नव्हती, म्हणून त्याने किनार जोडली, आणि त्याची आई शेजारच्या कास्तील राज्याची, तिच्या घराचं चिन्हच किल्ला. पुढे थोरल्याला हटवून तो १२४८ साली राजा झाला आणि धाकट्याची खूण राज्याची झाली. किल्ल्यांची संख्या तर पुढेही बरीच वर्षं कमीजास्त होत राहिली, सातावर ती फार उशिरा स्थिरावली. म्हणून माझं मत पक्कं होत चाललंय: ‘लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा’ छापाच्या तक्त्यांनी ढाल वाचता येत नाही. ही कोणाची, आणि शेजारच्या ढालीपेक्षा वेगळी का, एवढंच आधी विचारावं.

अर्थ पहिल्यापासून असतो तो नावावरच्या कोटीत. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे आली तेव्हा गव्हर्नर होता नुनो द कुन्हा. ‘कुन्हा’ म्हणजे पाचर. त्या घराण्याची ढाल: सोन्याच्या क्षेत्रावर नऊ निळ्या पाचरी, तीन-तीनच्या तीन ओळींत. ही मी दगडावरून नाही, वर्णनावरून रंगवली. वर रुंद, खाली निमुळत्या नऊ पाचरी सारख्या मापाच्या यायला एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी पुठ्ठ्याचा एक साचा कापला तेव्हा जमलं.

वसईतल्या माझ्या मैत्रिणीचं आडनाव परेरा. वही बघून तिचे बाबा म्हणाले, “आमची पण काढून दे की.” परेरा म्हणजे नासपतीचं झाड, पण पोर्तुगालमधल्या परेरा घराण्याच्या ढालीवर झाड नाहीच. लाल क्षेत्रावर चांदीचा, टोकांना फुलं फुटलेला, आतून पोकळ क्रॉस आहे. तो मी त्यांना दाखवला, आणि देता का येत नाही तेही सांगितलं. ढाल घराण्याच्या वंशाची असते, आडनावाची नसते, आणि इथली आडनावं बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली. ऑनलाइन कपावर छापून मिळतं ते चिन्ह दुसऱ्याच्या घरचं. काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग आमचं आमचं कर. वाडीत रहाट होता, तो घाल.”

सध्याचं वर्णन असं: हिरव्या क्षेत्रावर सोन्याचा रहाट, तळाशी चांदीच्या दोन नागमोडी पट्ट्या. अडलंय ते चाकापाशी. नुसतं आऱ्यांचं चाक काढलं की ते संत कॅथरीनचं चाक वाटतं. गोवा १५१० साली २५ नोव्हेंबरला, तिच्या सणादिवशी पोर्तुगिजांच्या हाती पडला, म्हणून पोर्तुगीज हिंदुस्थानच्या चिन्हात तेच चाक होतं. काकांच्या ढालीवर ते नकोच. गाडग्यांची माळ काढली तर चाक ओळखू येतं, पण शिक्क्याएवढं लहान केलं की गाडगी मण्यांसारखी दिसतात. बारा होती, आठवर आणली, आता सहा काढून बघतेय. तोंडं उजवीकडे कललेली, म्हणजे ढाल धरणाऱ्याच्या उजवीकडे. कोणी फिरत्या वस्तू ढालीवर बसवल्या असतील तर तुमचे कच्चे आराखडे बघायला आवडतील. काकांना नाताळच्या आधी द्यायचीय.