तपकिरी ठिपके आणि उंच बार

त्या दिवशी लॅबमध्ये पाऊल टाकते न टाकते तोच आमचा पीएचडीचा विद्यार्थी लॅपटॉप घेऊन पुढ्यात. "मॅडम, एसआरपीपी बघा! आरईएफसुद्धा!" कोणता जीन किती चालू आहे ते दाखवणाऱ्या आलेखातले या दोन जीनचे बार बाकीच्यांना मागे टाकून कुठच्या कुठे गेले होते. रबराच्या झाडात चीकवाहिन्या घडवणारे जीन हाती लागले, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

आम्ही काम करत होतो कोवळ्या फांद्यांवर. त्यांत जन्मजात, म्हणजे प्राथमिक चीकवाहिन्या असतात. पण टॅपिंगला, म्हणजे साल कापून चीक काढायला, उपयोगी पडतात त्या कॅम्बियमपासून (सालीच्या आतल्या, नव्या पेशी देणाऱ्या थरापासून) तयार होणाऱ्या दुय्यम वाहिन्या. सालीत त्यांची जितकी वलयं जास्त, तितका चीक मिळण्याची शक्यता जास्त. कोवळ्या फांदीवर कोरोनाटिन लावलं, की एरवी तिथे नसलेली ही दुय्यम ओळ काही आठवड्यांत उगवते. कोरोनाटिन हे एका जिवाणूचं विष. ते झाडाच्या जॅस्मोनेट संप्रेरकाची हुबेहूब नक्कल करतं.

"हा नमुना कधीचा?" मी विचारलं.

"शेवटच्या टप्प्यातला, मॅडम."

"मग आधी त्याचे सेक्शन काढ."

सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे पातळ काप, तयारच होते. आयोडीन आणि ब्रोमीन ग्लेशियल अॅसेटिक अॅसिडमध्ये घालून सालीवर प्रक्रिया केली की वाहिनीतलं रबर तपकिरी होतं. मग फास्ट ग्रीनने पेशीभित्ती हिरव्या करायच्या. (हे काम फ्यूम हूडमध्येच. ब्रोमीनची वाफ एकदा नाकात गेली की पुन्हा सांगावं लागत नाही.) तुलनेसाठी कोरोनाटिनशिवाय नुसता लेप लावलेल्या फांदीत तपकिरी ठिपके होते ते दूर, बाहेरच्या बाजूला. कॅम्बियमजवळ सगळं स्वच्छ हिरवं. कोरोनाटिनच्या फांदीत मात्र कॅम्बियमला लागूनच तपकिरी ठिपक्यांची ओळ उभी होती, काही ठिकाणी तुटक, काही ठिकाणी सलग.

"आता सांग, बार कशामुळे वाढले?"

तो गप्प. आरईएफ आणि एसआरपीपी ही रबराच्या कणांवर बसणारी प्रथिनं. जिथे चीक तिथे ती असणारच. नव्या वाहिन्या आल्या, म्हणून ते जीन जास्त मोजले गेले. घरात पाहुणे आले की दारात चपला वाढतात. चपलांनी पाहुणे आणलेले नसतात.

त्याचा चेहरा उतरला, पण मला ही ओळ फार आवडली होती. कोरोनाटिनने काम केलं होतं, हे तिच्यावरून स्पष्ट दिसत होतं. म्हणून लगेच कोरोनाटिन लावल्यानंतरच्या सुरुवातीच्या तासांचे नमुने काढले. त्यांच्या सेक्शनमध्ये नवी ओळ कुठेच नव्हती, तरी जेएझेड गटातले जीन चढलेले. ते ठीकच होतं. कोरोनाटिन सीओआय१ या ग्राहकाला चिकटतं, जेएझेड प्रथिनं मोडीत निघतात, त्यांनी दाबून ठेवलेलं एमवायसी२ हे प्रथिन मोकळं होतं आणि पुढचे जीन सुरू करतं. त्यांत जेएझेडचे स्वतःचे जीनही येतात. दाब पुन्हा बसवायची ही झाडाची सोय.

"म्हणजे वाहिन्या घडवणारे जीन हेच ना, मॅडम?"

इतक्यात हो म्हणणं मला परवडणार नव्हतं. जॅस्मोनेटचा इशारा सालीतल्या कितीतरी पेशींना जातो आणि बहुतेक जणी त्यावर बचावाच्या कामाला लागतात. वाहिनी होतात त्या कॅम्बियमने नुकत्याच दिलेल्या काही पेशी. अख्खी साल खलबत्त्यात कुटून आरएनए (कोणता जीन किती चालू आहे ते ज्यावरून मोजतात तो रेणू) काढला, तर त्या मोजक्या पेशींचा आवाज गर्दीत हरवतो. शिवाय साल कुटताना चीक साकळतो, पॉलिफिनॉलमुळे गाळ तपकिरी पडतो आणि निम्मी सकाळ त्यातच जाते.

दुपारी आम्ही आराखडा बदलला. साल गोठवून कॅम्बियमला समांतर पातळ काप घ्यायचे, आतल्या थरांचा आरएनए वेगळा काढायचा आणि जो जीन तिथे लवकर चढेल, त्याचा प्रोब, म्हणजे त्याच्या आरएनएला चिकटणारा खुणेचा तुकडा, बनवून तो नेमक्या कोणत्या पेशीत आहे ते सेक्शनवरच बघायचं. आरईएफ आणि एसआरपीपी यादीतून काढले नाहीत. वाहिन्या झाल्या की नाही, याची खूण म्हणून त्यांना शेवटच्या रकान्यात ठेवलं. विद्यार्थ्याने आलेखाचं शीर्षक खोडलं आणि गोठवलेले काप घेणारं यंत्र, क्रायोस्टॅट, कधी मोकळा आहे ते विचारायला गेला.